वेल्लो/०.३

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता
मी नियमांची यादी पुन्हा लिहून काढली.
टाल्लिनहून पत्र आलं होतं:
बंदराचा प्रॉक्सी फार ढिला आहे,
कोण येतं, कोण जातं, कुणी विचारतच नाही.
म्हणून मी विचारायला बसवलं.

नियम वरून खाली वाचले जातात.
जिथं पहिल्यांदा जुळतं तिथंच निकाल लागतो,
पुढचं वाचायचे कष्ट कुणी घेत नाही.
सगळ्यात खाली एक ओळ, तिला अटी नाहीत:
उरलेल्या सगळ्यांना, नाही.

दारात येणारा जो तो
आपल्या तोंडानं आपली ओळख सांगतो.
मी अमुक ब्राउझर, मला एस्टोनियन समजतं,
या या हातांतून इथवर आलो.
हेडर म्हणजे तेवढंच, नुसतं सांगणं,
खाली सही नाही, शिक्का नाही.
आणि बहुतेक ब्राउझर अजूनही
आधी एका कधीच्या मावळलेल्या ब्राउझरचं नाव घेतात,
कारण एके काळी तेवढ्यावर दारं उघडत होती.
मेलेल्या मामलेदाराची ओळख सांगत
कचेरीत शिरावं तसं.

मी ठरवलं: ही नावं आत.
बिननावाचे बाहेर. विचित्र नावाचे बाहेर.
आणि घरी जाऊन राईचा पाव भाजला.

रविवारी रात्री नऊला कोइटचा फोन.
तो कुइवास्तूची फेरी चालवतो, मोजकं बोलतो.
"उर्वे, पाणी गुरुवारपासून हललेलं नाही."
मी म्हटलं, गोठलं असेल.
"समुद्र गोठतो," तो म्हणाला. "आकडा नाही."

लॉग उघडला.
४०३.
दहा मिनिटांनी ४०३.
पुन्हा दहा मिनिटांनी.
चारशे छप्पन्न वेळा,
आवाज न चढवता, नाव न बदलता.
युजर-एजंटच्या जागी लिहिलेलं:
वेल्लो/०.३, धक्क्यावरचं पाणी मोजतो.
लाइन बारीक आहे, घाई करू नका.

वेल्लो माझ्याआधी या खुर्चीत होता.
पत्र्याच्या खोलीतल्या त्या यंत्राला
त्यानं स्वतःचंच नाव दिलं,
म्हणायचा, दुसरं शोधायला वेळ कुठे होता.
त्याला जाऊन दोन शरद झाले.
त्याचा मफलर अजून सर्व्हरच्या खोलीत खुंटीवर आहे,
पंखे फार झाले की मी गुंडाळते.

आणि त्याच लॉगमध्ये, त्याच तीन दिवसांत,
एक जण सभ्य ब्राउझरचं सोंग घेऊन आला होता,
सगळी हेडरं कडक इस्त्रीची.
आत जाऊन अकराशे दारांच्या कड्या वाजवून गेला.
माझ्या नियमांनी त्याला या, बसा म्हटलं होतं.
चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात,
तर सुळी मीच रोवली होती,
गुरुवारी, पाच वाजता.

सगळ्यात वर नवी ओळ घातली:
पत्ता मुहूच्या धक्क्याचा असेल,
आणि नाव वेल्लो असेल,
आणि पाण्याची नोंद देण्यापलीकडे काही मागत नसेल,
तर आत.
तिन्ही जुळायला हवं. नुसतं नाव नाही.
नाव उद्या कुणीही घेईल.
माफ कर, वेल्लो, तुझंसुद्धा.

प्रॉक्सी पुढे धाडताना ओळखीची ओळ पुसून टाकतो.
तीच रीत आहे, आतल्यांना कशाला बाहेरची नावं.
त्या चौकोनावर मी बराच वेळ बाण धरून होते.
मग खूण काढली.
हे टाल्लिनला कळवलेलं नाही.

नऊ चाळीस. ४०३.
यंत्रणा पुन्हा चालू करायला विसरले होते.
नऊ पन्नास.
२००.
उणे चौतीस सेंटिमीटर.

कोइटला आकडा सांगितला.
"हं," म्हणाला, मागे इंजिन घरघरत होतं.
मी उठायला हवं होतं,
पण दहाच्या नोंदीसाठी थांबले,
मफलर गळ्यात,
घाई न करता.