जमिनीवरचं दान

टेबल सहा फूट बाय चार, पोटमाळ्यावर.
त्यावर एनिडचा जुना हिरवा टॉवेल, म्हणजे शेत.
भांडी घासायच्या काथ्याची कुंपणं,
सँडपेपरचा रस्ता,
आणि कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून कापलेलं चर्च,
ज्याच्या मागच्या भिंतीवर साखरेचं प्रमाण अजून वाचता येतं.
बाहेर कीथलीत डिसेंबर. चार वाजता अंधार.

लाल पत्ता निघाला की हे हलतात,
काळा निघाला की ते.
दोन्हीकडचा सेनापती मीच.
आधी या बाजूला उभा राहतो,
मग गुडघा सांभाळत त्या बाजूला जातो,
आणि पलीकडून बघितलं की
मघाची माझीच चाल मला शुद्ध गाढवपणा वाटते.

माणसं अंगठ्याच्या पेराएवढी.
नाव फक्त एकाला : सार्जंट बूथरॉइड.
घोटा दोनदा मोडला, दोनदा चिकटवला.
एवढं हातातून गेल्यावर
माणसाला नुसतं 'तो' म्हणवत नाही.

चौथी फेरी.
बूथरॉइड तिघांना घेऊन रस्ता ओलांडतोय.
सहा इंच. त्याला पडले चार.
म्हणजे सँडपेपरच्या ऐन मध्यावर, उघड्यावर.
काळा पत्ता. चर्चमधली मशीनगन.
सहा पडले तर गेला.

फासा टाकला.
चर्चच्या छपरावर आपटला, टेबलाच्या कडेवरून उडाला,
टक, टक,
आणि रेडिएटरखाली गप्प.

सेल्विन हार्टली इथेच बसायचा,
पलीकडे, खिडकीला पाठ करून.
एकोणीस वर्षांचे गुरुवार.
एकदा त्याचा फासा असाच खाली गेला, सहा पडले,
आणि मी म्हणालो,
जमिनीवरचं दान, दान नसतं.
तो म्हणाला, पडलं ते पडलं.
दान पडताना टेबल विचारून पडतं का?
मी म्हणालो, नियम आहे.
तो म्हणाला, कुणाचा?
मग त्याने रणगाडे बुटांच्या खोक्यात भरले,
एकेक, वर्तमानपत्रात गुंडाळून, सावकाश,
मी काहीतरी बोलेन एवढा वेळ घेऊन.
मी कुंपणं नीट करत होतो.

एकट्याने खेळलं की भांडण होत नाही,
असं लोक म्हणतात.
लोकांनी खेळून बघावं.

टॉर्च घेऊन पोटावर झोपलो.
धुळीचे पुंजके, एक पेन्सिल,
कुठल्यातरी जुन्या लढाईतला बेपत्ता शिपाई, डोक्यावर जळमट,
आणि पाइपाच्या सावलीत फासा.
दोन.

दोन म्हणजे वाचला.
सेल्विनच्या हिशोबाने बूथरॉइड वाचला.
उरलेलं दोन इंच अंतर, मग कुंपण, मग आडोसा.
कुणी बघत नव्हतं.
खालून बटाटे उकडल्याचा वास येत होता.

चाळीस वर्षं डेपोत बसच्या वेळा लिहिल्या मी.
आठ बाविसला सुटली ती आठ बावीसच लिहिली,
ओळखीचा ड्रायव्हर असो नसो.
फासा उचलला, शर्टाला पुसला,
पलीकडे गेलो, खिडकीला पाठ केली,
आणि पुन्हा टाकला.

या वेळी छपराला लागला नाही.
टॉवेलवर नीट, मऊ थांबला.
सहा.

जरा वेळ उभाच होतो.
मग त्याला आडवा केला, दोन बोटांनी,
घोट्याला धक्का न लावता.
एनिडने जिन्यातून हाक मारली, झालं का तुमचं?
होतंय, म्हणालो.

वहीत लिहिलं :
चौथी फेरी. सार्जंट बूथरॉइड. रस्त्याच्या मध्यावर.
आणि समासात, पेन्सिलने, जी कधीही खोडता येते,
पहिलं दान : दोन.