एका कान्याचा फरक

बही म्हणतात इथे तिला. सातबारा तिकडे, महाराष्ट्रात.
ह्यांच्या मागे माझ्या नावावर झालेली
देपालपूरची दीड एकर. वाटेकरी लसूण लावतो.
पुठ्ठ्याचं पुस्तक, एरवी गव्हाच्या कोठीमागे असतं.
ते पिशवीत घालून मी चौथ्यांदा कोर्टात.

पहिल्या वेळी वकील म्हणाले, मावशी, घरी न्या बही,
या कायद्यात असं नसतं.
आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला
की जामीन नाही.

प्रथमदर्शनी.
आमच्याकडे हा शब्द स्थळं बघणाऱ्यांचा.
मुलगी प्रथमदर्शनी पसंत, मग बैठक, मग याद्या,
मग सावकाश कळायचं
कोण घोरतं, कोण खोटं बोलतं.

मी मुबीन नागोरीला अकरा वर्षं पाहिला,
दर्शनी, पाठमोरा, शाईनं काळ्या बोटांसकट.
रामबागेच्या कोपऱ्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान.
ह्यांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या बारा प्रती सांगितल्या होत्या.
तेरावीचे पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, ही वाकडी आलीय, राहू द्या.
वाकडी नव्हती.

झाकण उघडायचं, कागद पालथा घालायचा,
हिरवा उजेड इकडून तिकडे.
लग्नपत्रिका, पोरांच्या नोट्स, मूळव्याधीचे रिपोर्ट.
त्यातच कुणीतरी आणलेलं एक चाळीस पानी पुस्तक.
यंत्राच्या काचेवर एक ओरखडा होता,
तो चाळीसही पानांवर उमटला.
त्या ओरखड्यावरून धरला त्याला.
माझ्याकडच्या दाखल्यावरही आहे तो,
बरोबर ह्यांच्या नावाखाली,
अधोरेखित केल्यासारखा.

वाचलं असेल का त्यानं ते पुस्तक?
मला ठाऊक नाही.
हे सांगितलं तर मुलगा पुण्याहून फोनवर ओरडला,
मग जामीन कशाला राहतेस? पळाला तर?
अरे, ठाऊक नाही म्हणूनच तर.
ठाऊक असतं तर खटला कशाला लागला असता?

दोनशे एकेचाळीस साक्षीदार.
पावणेपाच वर्षांत सतरा झाले.
सतराव्याला मोतीबिंदू. कागद समोर धरला तर म्हणाला,
साहेब, उजेड दिसतो.

त्याची आई जैतूनबी माझ्या शेजारी बसते.
दुकानाची किल्ली तिच्या ओढणीच्या गाठीत.
कुलूप आता सरकारी आहे, लाखेचं,
हे तिला सांगून झालंय. मीही सांगितलं.

मी टायपिंग शिकवायचे, त्यामुळे सवय,
रिकामी बसले की बोटं मांडीवर अक्षरं जुळवतात.
जमीन. जामीन.
एका कान्याचा फरक.
हिंदीत जमानत म्हणतात, तिथे ही गंमत नाही.
एक उभी रेघ. गज म्हणा.

आज साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं,
उरलेले साक्षीदार कधी संपतील?
सरकारी वकील कागद चाळत राहिले.
पंखा होता वर, त्याचाच आवाज.
मग साहेबांनी सांगायला सुरुवात केली, लेखनिकानं लिहायला,
आणि जैतूनबीनं माझा हात दाबला, काही न समजताच.

दर सोमवारी ठाण्यात हजेरी. फोन सतत चालू.
इंदूरची हद्द ओलांडायची नाही.
पासपोर्ट जमा करायचा. तो नव्हताच कधी.
निर्दोष असं कुणी म्हणालं नाही.
मीही म्हणत नाहीये.

दुसऱ्या दिवशी खालच्या कोर्टात
बाबूनं बहीच्या पानावर लाल शाईनं रक्कम लिहिली.
खटला संपेपर्यंत विकता येणार नाही म्हणाला.
लसणाला काय त्याचं.
मग म्हणाला, या पानाच्या तीन सत्यप्रती आणा.

गेले समोरच्या दुकानात. नवं यंत्र, आवाजसुद्धा नाही.
तीन पानं निघाली, अजून कोमट.
खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली.
स्वच्छ. कुठेही ओरखडा नाही.
कुणाच्या म्हणायच्या ह्या?