दहा बाय दहा

आमच्या पडद्यावर झाडं लाल दिसतात.
नवीन आलेल्याला हे आधी सांगावं लागतं,
लाल म्हणजे जिवंत.
डोळ्यांना न दिसणारा एक उजेड
पानं परत फेकतात, त्यांना तो नको असतो,
आणि आम्ही तो लाल रंगात भरतो.

पाषाण रस्त्यावरच्या एका तळघरात
मी पाच वर्षं वेताळ टेकडी बघतेय.
खिडकी नाही. उपग्रह आहे.
दर पाच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास,
तो टेकडीचे दहा बाय दहा मीटरचे तुकडे पाडून जातो
आणि प्रत्येक तुकड्याला मी मार्क देते.
उणे एक ते अधिक एक.
पावसाळ्यात ढग असतात.
टेकडी सगळ्यात हिरवी असते
तेव्हाचाच आमच्याकडे पुरावा नाही.

एप्रिलमध्ये मात्र सगळं लख्ख दिसतं.
मोई उघडी, सालई उघडी,
गवत कुसळांपुरतं उरलेलं.
आणि त्या राखाडीत एकच चौकट लालभडक,
शून्य पूर्णांक बासष्ट.
तिच्या शेजारणी अठरा, सतरा, एकोणीस.
पोंक्षे मॅडम म्हणाल्या, चूक असेल.
चहा संपवला, मग म्हणाल्या,
जाऊन बघ.

जमिनीवर चौकटीला कड नसते.
जीपीएस म्हणतं, पोहोचलात,
आणि पुढे घाणेरीची जाळी असते.
आत वाकून गेले.
महापालिकेची जुनी लोखंडी नळी,
तिच्या सांध्यातून करंगळीएवढी धार,
धारेखाली लव्हाळा, शेवाळ,
मनगटाएवढा एक उंबर,
उंबरावर शेपटीचा पंखा उघडमीट करणारा नाचण,
आणि अकरा शेळ्या.

तुळसा मरगळे दगडावर बसली होती.
"हितं कशी गं आलीस?"
म्हटलं, वरून दिसलं.
"वरून कुठनं?"
मी आभाळाकडे बोट केलं.
तिनं कपाळावर हात धरून बघितलं.
एक घार फिरत होती.
"घारीला दिसतंच," ती म्हणाली,
"घार कुणाला सांगत न्हाई."

तक्त्यात रकाना होता: आच्छादनाचा प्रकार.
घनदाट वन, विरळ वन, झुडूप, गवत, पाणी, बांधकाम.
गळती नव्हती.
धायरीला आमच्या सोसायटीत टँकर येतो,
बादल्यांचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो,
आणि इथे रात्रंदिवस
शुद्ध केलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी
नाचणाला.
मी उभी राहिले बराच वेळ.
मग लिहिलं, विरळ वन.
खोटं नव्हतं. खरंही

कोणाला बोलले नाही.
फक्त अहवालाच्या परिशिष्टात,
नियमाप्रमाणे, तपासलेल्या बावन्न जागांचे
अक्षांश-रेखांश दिले,
सहा दशांशांपर्यंत.
अहवालाच्या तीन प्रती निघाल्या.
एक महापालिकेला.

पुढच्या एप्रिलमध्ये
शून्य पूर्णांक वीस.
मॅडम म्हणाल्या, बघ, चूकच होती.

रविवारी गेले, रजा न टाकता,
जीपीएस न घेता.
सांध्यावर नवा पत्रा, सिमेंट,
सिमेंटवर कुणाचं तरी बोट फिरलेलं.
लेंड्या वाळून हलक्या झालेल्या.
तुळसा कुठे गेली
हे कुठल्याच चौकटीत येत नाही.
लव्हाळ्याच्या जागी भेगा.
उंबर मात्र उभा,
सात पानं, मी मोजली,
आठवं कोंबात.
दहा मीटरमध्ये एवढं मावतं,
दिसत नाही.

बाटलीत अर्धं पाणी होतं.
निम्मं मी प्यायले.