पास

केमीला डिसेंबरात सूर्य
दोनेक तास क्षितिजाला टेकून बसतो आणि उठून जातो.
आउलिसच्या तळघरात मात्र
दुपारी बारा ते रात्री नऊ
विषुववृत्ताचा निळा उजेड,
टायमरवर.

चारशे लिटर समुद्र.
सानेल्मा पर्थला गेली तेव्हा
विमानात बसण्याजोगा नव्हता, म्हणून राहिला.
आणि तिची वही,
खाऱ्या बोटांनी पानं फुगलेली.

आउलिस कागद गिरणीच्या प्रयोगशाळेतला.
एकतीस वर्षं लगद्याचा पांढरेपणा तपासलेला माणूस.
त्याने वही उघडली.
नायट्रेट आठ. फॉस्फेट शून्य पूर्णांक शून्य आठ.
आठवड्यामागून आठवडे तेच.
प्रत्येक आकड्याखाली त्याने लाल रेघ ओढली.
पोरगी घाणीत ठेवायची सगळं.

मग मोठा स्किमर आला,
फॉस्फेट शोषणारी गंजरंगी भुकटी आली,
दर शनिवारी साठ लिटर पाणी बदलणं आलं,
बादलीत मीठ, मिठात थर्मामीटर.
माशांना दिवसाआड चिमूटभर.
नळीत थेंब मोजून टाकले, दहा मिनिटं थांबला,
निळं काही झालं नाही.
शून्य.
त्या रात्री त्याने राईच्या पावावर
हेरिंगचा एक तुकडा जास्तीचा घेतला.

रेनडिअरच्या शिंगासारखं जांभळं प्रवाळ होतं एक.
आधी फिकटलं.
मग टोकांपासून खाली
नेमकं तसं पांढरं होत गेलं
जसं तो गिरणीत पास करायचा.
आणि वाळूवर तपकिरी शेंबूड,
त्यात बुडबुडे.

दुकानातला तूक्का, चोविशीचा, कानात तीन बाळ्या,
फोटो बघून म्हणाला,
किती दिवस उपाशी ठेवलंत?
उपाशी कुठे, स्वच्छ ठेवलंय.
तेच विचारतोय, तूक्का म्हणाला.

आता तो नायट्रेट विकत आणून घालतो,
सकाळी तीन मिली,
घालताना इकडेतिकडे बघून,
जणू गिरणीतलं कुणी दारात उभं आहे.
क्षारता साडेनवावरून साडेसातावर,
घाई नाही, दिवसाला एक दशांश.
स्किमर रात्री बंद.
भुकटीची पिशवी गॅरेजमध्ये, बर्फाच्या फावड्यामागे.
मागची काच पुसायची नाही
हे हाताला शिकवायला महिना गेला.
तिथे हिरवं धरलंय, गोगलगाय त्यात
वळणावळणाच्या वाटा काढत फिरते.

फेब्रुवारीत, शिंगाच्या बुडाशी,
रंग दिसला.
जांभळा नव्हे. चहाच्या डागासारखा, नखाएवढा.
भिंग घेऊन तो गुडघ्यावर बसला
आणि उठताना टाकीच्या कडेला धरून उठला.

मध्यरात्री फोन. पर्थला सकाळचे सहा.
पाणी कसं आहे? तिने विचारलं, नेहमीसारखं.
थोडं घाण आहे, तो म्हणाला.
पलीकडे आधी काहीच नाही,
मग केटलची शिट्टी, आणि ती हसत होती.

वही समोर उघडीच होती.
तिच्याच रकान्यात, तिच्या आकड्यांखाली
पेन्सिलीने लिहिलं: नायट्रेट चार.
लाल रेघा खोडून पाहिल्या.
निघत नाहीत.
शाई गिरणीची, चांगल्यातली.