मुंग्यांचं आभाळ

मालिकेचं नाव विचारू नका.
आमच्या बोळात तिला सगळे ‘उडीवालं’ म्हणायचे.
उडीवालं लागलं गं, पळ!
आणि मी कणकेचा हात तसाच घेऊन
उत्तरेश्वर पेठेतनं तिवल्यांचं दार गाठायची.

बापूसो तिवले उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करायचे.
टीव्ही त्यांनी कुणाच्या तरी थकलेल्या बिलापोटी उचलून आणलेला,
ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा.
शटर सरकवलं की दुकान उघडल्यासारखं वाटायचं.
पुढं पोरं, मागं बायका, दारात चपलांचा ढीग,
आणि वर पत्र्यावर दिलावर, अँटेना धरून:
सगळ्यांत उंचावरचा एकटा तोच,
आणि उड्या त्यालाच कधी दिसल्या नाहीत.

"आलं का?"
"आलं! ...गेलं. जरा पन्हाळ्याकडं फिरव."
"आता?"
"मुंग्या हायत नुसत्या."

त्या मुंग्यांतच ते दोघं उडी घ्यायचे.
विमानाचं दार, पाठीवर एक थाप,
अवाक्षर न कळणारं इंग्रजी,
मग हातपाय पसरून पालथे,
पाण्यावर सोडलेल्या पत्रावळीसारखे.
दर वेळी कुणाला तरी वाचवायचं असायचं,
सुळक्यावर राहिलेला एखादा, नाहीतर कसलीशी पेटी.
बायका म्हणायच्या, रस्त्यानं का जात नाहीत हे?
मी काही म्हणायची नाही. मी मोजायची.
छत्री उघडेपर्यंत एक ते अकरा.
एकदा सतरा झाले.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तालमीत पोरींनी जायचं नसतं.
म्हणून दुपारी गेले, पैलवान झोपलेले असताना.
हौद्यातली माती नुकतीच उकरलेली,
ताक, तेल, हळद पिऊन तांबडी, गार.
माडीच्या कठड्यावर चढले.
पाठीला चादर नव्हती, वडलांची छत्री नव्हती,
ते सगळं पोरं करतात.
मला छत्रीआधीचे अकरा पाहिजे होते.

दोनसुद्धा झाले नाहीत.

तोंडात माती. समोर हिंदुराव वस्ताद,
खांद्यावर पंचा, हातात भिजल्या बदामांची वाटी.
पडून मोडली नाहीत ती हाडं आता हे मोडणार, वाटलं.
ते बघत राहिले. एक बदाम सोलला. मग म्हणाले,
"पाय जुळीव. गुडघं सैल सोड.
पडताना मातीसंगं भांडू नये, पोरी."
आणि थोड्या वेळानं, दुसरीकडं बघत,
"चढ परत."

तीनदा चढले.
"जाताना माती सारखी करून जा," एवढं बोलून
ते आत गेले. फावडं माझ्याहून उंच होतं.

घरी आईनं फ्रॉकची शिवण उलटून झटकली.
हळदीचा वास आला तिला, आलाच असणार.
"कुठल्या आभाळातनं पडलीस गं?"
मला उत्तर माहीत होतं, पण ती थांबली नाही,
बादली घेऊन नळाला गेली.

पुढं घरोघरी रंगीत टीव्ही आले आणि
उडीवालं कधी बंद झालं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.
तिवल्यांच्या त्या शटरात आता लग्नपत्रिका ठेवतात.
गुडघे माझे अजून बरे आहेत,
केएमटीतून उतरताना पाय आपोआप जुळतात.

परवा गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर दिलावर भेटला.
जन्मभर मोबाइलच्या टॉवरवर चढला, आता रिटायर.
पेला तोंडाशी नेता नेता म्हणाला,
"त्यास्नी खाली उतरल्यालं बघितलंस का कधी?"
"नाही. नेमकी लाइट जायची."
"आणि छत्री? रंग कसला होता?"
"राखाडी. सगळंच राखाडी होतं की तेव्हा."
"न्हाई, पण असंल कसला?"

शेजारी म्हशीची धार भांड्यात वाजत होती.
तो खरंच विचारत होता,
चाळीस वर्षं पत्र्यावरच थांबल्यासारखा.

"तांबडा," मी म्हटलं.
"हां," दिलावर म्हणाला. "मला वाटलंच."