मस्टर

शारजात, रोलाच्या मागे, सातव्या मजल्यावर
रोज पहाटे साडेचारला हजेरी लागते.
अच्युत पलंगावर मांडी घालून, चष्मा उलटा,
वहीतली नावं वाचतो:
गुलाम रसूल. कुंजुमोन. बन्सी राम. पुन्हा गुलाम रसूल.
प्रत्येकाच्या वतीने मी 'हजर' म्हणते.
नाही म्हटलं तर तो चपला शोधायला लागतो.

एकतीस वर्षं टाइमकीपर होता हा.
साडेचारशे माणसांचे तास याच्या जिभेवर,
कोण उशिरा आला, कोणाचा शुक्रवार भरायचा राहिला.
आता संध्याकाळला सकाळ म्हणतो,
जेवून हात धुतले की विचारतो, आज उपास आहे का,
आणि मी खोटी पडते, खरकट्या ताटासमोर.

नव्या डॉक्टरीणबाई लेबनॉनच्या.
सगळं विचारतात: झोप, लघवी, गोळ्या, पडले का कुठे.
निघताना दारात म्हणाल्या, आणि तुम्ही?
मी काय, मी ठीक.
खाली आले तर पार्किंगचा दंड लागला होता,
त्यामुळे रडू आलं.
त्यामुळेच आलं, असं मुलाला फोनवर सांगितलं.

मुलगा टोरांटोहून श्वास मोजायचं अ‍ॅप पाठवतो.
नणंद मालवणहून म्हणते, इकडे आणा, इथे माणसं आहेत.
ती माणसं पाहिलीत मी गणपतीत.
दोन दिवस, 'भावोजी, ओळखलंत का, सांगा बघू?'
तिसऱ्या दिवशी आपापल्या कामाला.

पूर्वी मी त्याच्या व्हिसावर होते, आता तो माझ्या.
कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला नेलं
तर मशीन त्याला घेईना.
पुन्हा दाबा, बाबा. पुन्हा.
सहा वेळा. रांगेतले लोक छताकडे बघत होते.
बोटं झिजलीत, म्हणाली काउंटरवरची मुलगी.

माझी नाही झिजलेली.
त्याच आठवड्यात गॅस चालू ठेवला म्हणून
मी त्याचा दंड धरला, आणि चारही बोटं
अशी स्वच्छ उमटली
की जुलैच्या उकाड्यात आठ दिवस
त्याला फुलशर्ट घालावा लागला.
बटणं मीच लावत होते. तो 'थँक्यू' म्हणत होता.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
पुढचंही नाही.

ऑगस्टातल्या एका रात्री मी दाराची साखळी काढली,
बाहेर पडले, दार नुसतं लोटून घेतलं.
बेसमेंटमध्ये गाडी चालू करून बसले, एसी तोंडावर.
पट्टा लाव, पट्टा लाव, म्हणून
गाडी टुंग टुंग करत राहिली.
त्या घटकेला माझी एवढी चौकशी करणारं
दुसरं काही जागं नव्हतं.
गेला तर कुठे जाईल? खाडीकडे? पुलाकडे?
लोकांना सांगायचं वाक्यसुद्धा तयार होतं:
डोळा लागला हो माझा.
दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.
दुसऱ्यांदा चांगलं जमलं.

मग तळपायातून काहीतरी वर चढलं आणि मी धावले.

लॉबीत नातूरच्या खुर्चीवर
अच्युत ताठ बसलेला, मांडीवर वही.
हबीबुल्ला शेजारी उकिडवा, हातात ताकाची बाटली.
'बाबा म्हणतात गेट सोडायचं नाही,
एक कामगार बाहेर आहे.'

वही पाहिली.
गुलाम रसूल, कुंजुमोन, बन्सी राम, सगळ्यांखाली
थरथरत्या अक्षरात: बाई. आउट २.१०.
वेळ बरोबर होती. मिनिटाला बरोबर.
म्हणजे जागा होता.
म्हणजे बघत होता.

त्याने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं,
घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहिलं
आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं,
कितीला आलीस?

मी म्हटलं, साहेब, थोडं थांबा.
अजून आले नाही.