सामाईक भिंत

झानदाममध्ये जुनी घरं लाकडाच्या खांबांवर उभी.
वीबेनं सांगितलं तेव्हा मी हसलो.
मग त्यानं दिवाणखान्यात एक गोटी ठेवली.
कुणी न ढकलता ती निघाली
आणि ताज्या रंगाच्या भिंतीपाशी थांबली,
रोजचीच वाट असल्यासारखी.

मागच्या अंगणात खड्डा. पंप घुरघुरत होता.
गुडघाभर काळ्या पाण्यात वीबे वाकला,
खांबाच्या माथ्यात टोच्या लावला.
भिजल्या पावात शिरावा तसा शिरला.
"बुडालेलं असतं तोवर लाकूड ठणठणीत," तो म्हणाला.
"पाणी उतरलं, हवा लागली, की संपलं."

मी मनात मांडत होतो:
पंधरा वर्षं. किमतीत चाळीस हजार कमी. भाडं तेवढंच.
सौदा वाईट नव्हता.

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या आल्टिएबाईंनी
कॉफीचे तीन पेले पुढे केले.
"किती वर्षं म्हणाला हा?"

वीबे माझ्याकडे बघत राहिला.
अहवाल माझ्या पैशाचा.
भिंत दोघांची,
तिच्याखालचे खांबही.

पेला हातात चटका देत होता.
"अजून मोजतोय," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या,
"माझं सूप बशीत
तुमच्या बाजूला कलतं."